अक्षरी रुपये पंचवीस फक्त

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेशी लग्न केलेल्या माणसाला स्वतःचीही एक नोकरी असते, हे शाळेच्या गावात कुणालाच खरं वाटत नाही. शहाद्यातल्या एका कार्यालयात मी रोज वेळेवर जातो, सही करतो, महिन्याला पगार उचलतो. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात मी फक्त 'बाईंचे मिस्टर' आहे, आणि बाईंचे मिस्टर म्हणजे ज्याच्याकडे मोटारसायकल आहे, ज्याचे दोन्ही हात रिकामे आहेत आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस. तांदळाचा वजनकाटा, नाचातल्या मुलींच्या घागरी, विज्ञान प्रदर्शनातला थर्माकोलचा ज्वालामुखी, हे सगळं माझ्या मागच्या सीटवर बसून गेलेलं आहे. ज्वालामुखी तर वाटेतल्या गतिरोधकावरच फुटला.

तेव्हा मार्च महिन्यात जेवता जेवता बाई म्हणाली, "यंदा पालकांचे आभार मानायचेत," तर मी बेसावधपणे म्हणून गेलो, "मान की." आभार तोंडाने मानतात अशी माझी तोवर समजूत होती.

"नुसते नाही. हातात काहीतरी द्यायचं."

"कोणाच्या पैशाने?"

"आपल्याच. दरडोई पंचवीस रुपये."

हे 'दरडोई' तिच्या बोलण्यात पोषण आहारामुळे आलंय. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम, हा हिशेब वर्षानुवर्षं लिहून लिहून आता तिला माणूस दिसला की आधी डोकं दिसतं. घरी पाहुणे येणार म्हटलं की ती त्यांचा पट विचारते.

शाळेच्या पैशातून का नाही, हेही मी विचारून पाहिलं. सादिल अनुदानात खडू बसतो, झाडू बसतो, हजेरीपत्रक बसतं. "कृतज्ञता कुठल्या शीर्षाखाली टाकू?" असं तिने विचारलं. मी 'किरकोळ' सुचवलं. त्यानंतर बराच वेळ आमच्याकडे फक्त ताटवाट्यांचा आवाज होता.

पण बाईचं म्हणणं वाजवी होतं, हे मलाही मान्य करावं लागलं. शाळा व्यवस्थापन समिती काय, कायद्यानेच असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, असं शिक्षण हक्क कायद्यात लिहूनच ठेवलंय. पण बहुतेक समित्यांचं काम दाखवाल तिथे सही करणं एवढंच. या गावातली माणसं सहीच्या पुढे सरकली होती. एका गवंडी बापाने टाकीची गळती बुजवली. एकाने स्वतःचा ट्रॅक्टर आणून मैदान सपाट करून दिलं आणि डिझेलचं नाव काढलं नाही. डोंगरावरच्या पाड्यातल्या एक आजी दर शनिवारी उतरून यायच्या आणि पोरांना पावरीत गोष्टी सांगायच्या. पोरं हसून हसून लोळायची. बाईला त्यातलं अक्षर कळायचं नाही, म्हणून ती पोरांच्या मागून जरा उशिरा हसायची.

आणि आया. 2022 पासून पहिलीत येऊ घातलेल्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' नावाचं अभियान निघालं. त्यात आयांचे गट करायचे आणि आकार, रंग, मोजणी त्यांनी घरी करून घ्यायची. आमच्या गावच्या आयांना बसून शिकवायला वेळ कुठला? हंगामात त्या नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळवायला, नाहीतर घरी पोतं आणून देठं खुडायला बसलेल्या असतात. त्यांनी अभियान तिथेच उरकलं. देठवाली या ढिगात, बिनदेठाची त्या ढिगात. लाल मोज, काळी पडलेली बाजूला टाक. पोरं वर्गीकरण शिकली, गणतीही शिकली. शिकता शिकता डोळे चोळायचे नाहीत, एवढीच एक अट. शिक्षणाच्या इतिहासात इतकी कडक शिस्त कुठल्याही बालवाडीला साधलेली नसेल.

यादी करायला बसलो तेव्हा 15 नावं होती. उठलो तेव्हा 42 होती. याचं गणित सोपं आहे. ज्याने काम केलं त्याचं नाव राहिलं तर तो काही बोलत नाही. ज्याने काहीच केलं नाही त्याचं राहिलं तर तो गावभर बोलतो. म्हणून दुसऱ्या प्रकारची माणसं आधी लिहावी लागली. ज्याच्या बकऱ्या परसबागेत फक्त एकदाच शिरल्या, तो आला. स्नेहसंमेलनाच्या वेळी ज्याच्या घरावरून न विचारता वायर ओढली होती, तो आला. रंगकाम चालू असताना रोज येऊन "हा रंग टिकायचा नाही" असं सांगणारे एक गृहस्थ 'मार्गदर्शक' म्हणून आले. शाळेत फक्त झेंड्याला दिसणारे एक पुढारी तर यादीत सगळ्यांत वर गेले, कारण खाली लिहिलं असतं तर ते त्यांनी वाचलं नसतं.

"अध्यक्षांनाही पंचवीसचंच?" मी विचारलं.

"आभार सगळ्यांचे सारखे."

"आभार सारखे असतील, मान सारखा नसतो."

हे वाक्य मला फार आवडलं. बाईने ते ऐकून घेतलं आणि समितीच्या अध्यक्षांसाठी एक शाल वाढवली. आपल्याकडे मानपानाच्या खर्चाला अंदाजपत्रक पुरत नाही, हे मी कार्यालयातही पाहतो. ते घरात घडताना प्रथमच पाहिलं.

यादीत माझं नाव नव्हतं. मी सहज म्हणून ते निदर्शनाला आणलं.

"तुमचं मूल त्या शाळेत आहे?"

"नाही."

"मग तुम्ही पालक कसे?"

निरुत्तर होऊन मी मोटारसायकलची किल्ली उचलली, कारण खरेदी अर्थातच माझ्याकडे होती.

पंचवीस रुपयांत काय येतं हे ज्याला पाहायचं असेल त्याने भांड्यांच्या दुकानात जाऊन 42 नग मागावेत. नंदुरबारच्या मंगळ बाजाराकडच्या एका दुकानात मी तसे मागितले. मालकाने गादीवरून न उठता विचारलं, "लग्न, डोहाळजेवण, की तेरावं?"

"आभाराचं आहे."

"हा कोणाकडचा विधी?"

मी समजावून सांगितलं. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि स्टीलच्या वाट्या काट्यावर टाकल्या. आमच्या भावात येणारी वाटी हातात घेतल्यावर हात मोकळाच आहे असं वाटत होतं. वर नाव घालून मिळेल का, विचारलं. तो म्हणाला, "घालून देतो, पण मशीन आरपार गेलं तर बोलायचं नाही." मग त्याने आतून धूळ झटकत एक गठ्ठा आणला. कॅलेंडरं! निम्म्याहून कमी भावात.

"अहो, मार्च संपत आला."

"तीनच महिने गेलेत साहेब. नऊ कोरे आहेत."

गुजरातेतून आणा, असंही एकाने सुचवलं. आमच्याकडे कुठलीही वस्तू महाग वाटली की माणसं पश्चिमेकडे बोट दाखवतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या फलाटावरून चालत गेलं की माणूस राज्य बदलतो. भाव मात्र बदलत नाहीत, हे मी चालून पाहिलंय.

नमुने घेऊन घरी आलो आणि आईसमोर मांडले. आईपुढे मांडायला नको होते. जगातल्या प्रत्येक स्वस्त वस्तूला एक अर्थ असतो आणि तो आईला ठाऊक असतो.

टॉवेल? "अरे, टॉवेल-टोपी दुखाच्या घरी नेतात. धडधाकट माणसाच्या हातात देशील?" हातरुमाल? रुमालाने भांडणं होतात. चाकू? चाकूने संबंध तुटतात, म्हणजे रुमालाचं काम उरलंसुरलं पूर्ण होतं. साबण? "लोक म्हणतील, बाईंना वास येत होता." आरसा? "तोंड बघा आधी, असं सांगायचंय का त्यांना?" कंगवा? इथे मात्र आई गप्प राहिली. पण गवंड्याच्या डोक्यावर एक केस नाही, हे बाईला आठवलं. किचेन दाखवली तर बाईच म्हणाली, निम्म्या पाड्यात दाराला कुलूप नाही, किल्ली कुठून आणायची? राहिलं बॉलपेन. एक प्रयोग म्हणून ते गवंड्याला देऊन पाहिलं. त्याने ते घेतलं, टोपण काढलं आणि विचारलं, "बाई, कुठे सही करू?"

"विकत कशाला आणता?" शेवटी आईने सुवर्णमध्य काढला. तिची ट्रंक उघडली. आत ब्लाउजपीसांची चळत होती आणि प्रत्येकाला टाचणीने एकेक चिठ्ठी: हे अमक्या मावशीच्या वास्तुशांतीचं, हे तमक्या वहिनींच्या डोहाळजेवणाचं. ज्याचं आलं त्याच्याकडेच परत जाऊ नये म्हणून ही नोंद. शाळेच्या दप्तरात इतकी चोख आवक-जावक मी पाहिलेली नाही. पण यादीतल्या निम्म्याहून जास्त नावांना ब्लाउजपीसचा उपयोग नव्हता, हे आईलाही पटवून द्यावं लागलं. ट्रॅक्टरवाल्याला तर तो पुसायला चालेल, असं तिचं म्हणणं.

अशा वेळी आपल्याकडे अमेरिकेला विचारतात. माझी एक चुलत बहीण न्यू जर्सीत असते. तिने लगेच आवाजी संदेश पाठवला, की त्यात काय एवढं, इकडे तर आई-वडील वर्गात मदतीला येतच असतात आणि वर्षअखेरीला टीचर त्यांना एखादी छोटीशी वस्तू देते, गोळ्यांचं पाकीट, मेणबत्ती, असं काहीही. वस्तू महत्त्वाची नाही, वरची चिठ्ठी महत्त्वाची. चिठ्ठीत त्या वस्तूवरून केलेली शब्दांची गंमत असते. पालक खूश होतात आणि गोळी खातात.

मला हे पटलं. मुख्य म्हणजे परवडलं. मी आगपेट्यांचा पुडा आणला, रंगीत कागद कापले आणि रात्री बसून सुंदर अक्षरात लिहिलं: 'तुमच्यामुळे शाळेत उजेड पडला.' दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाले पहिले भेटले. त्यांनी आगपेटी घेतली, चिठ्ठी मोठ्याने वाचली, थांबले, पुन्हा मनात वाचली.

"बाई, मी काय उजेड पाडला?"

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "मी घरी रोज हेच सांगते."

उरलेल्या आगपेट्या खिचडीच्या चुलीला लागू पडल्या. चिठ्ठ्या बाईने आधी काढून घेतल्या. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा स्वभाव तिला माहीत आहे.

शेवटी आभारपत्राचं ठरलं. रंगीत झेरॉक्स 10 रुपये, लॅमिनेशन 15. बरोबर पंचवीस! हा योगायोग पाहून बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. वर शाळेचा फोटो, खाली 'आपल्या निःस्वार्थ सहकार्याबद्दल', आणि मधे नाव. नावाशी काम अडलं. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, त्यामुळे 'आधारवर आहे तसंच नाव घाला' हे वाक्यही देशात सर्वांत आधी आमच्याकडेच बोललं गेलं असणार. गावात ज्याला सगळे 'नाना' म्हणतात त्याचं खरं नाव काय, हे त्याच्या बायकोलाही कार्ड काढून पाहावं लागलं. आजींनी तर नाव सांगायलाच नकार दिला. "आजीच लिहा. पोरं तेच म्हणतात."

आता कार्यक्रम. एप्रिलमधला शनिवार, सकाळची शाळा, वडाखाली सतरंज्या. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माइकवर फुंकर मारली, 'हॅलो, हॅलो' केलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आता आपण आभार मानणार आहोत."

निम्मा जनसमुदाय उठला. पोरं काखेला मारली, चपला शोधायला लागला.

त्यांचं चुकलं नाही. आपल्याकडे 'आभार' ही उठायची खूण आहे. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, पाहुणे बोलून बोलून दमले की कोणीतरी खिशातून चुरगळलेला कागद काढतो आणि मंडप रिकामा होतो. आभार मानणाऱ्याकडे तोंड करून बसलेला श्रोता महाराष्ट्रात मी तरी पाहिलेला नाही. आणि इथे तर अथपासून इतिपर्यंत नुसते आभारच होते. कुठे उठायचं हेच लोकांना कळेना. गुरुजींनी सगळ्यांना पुन्हा खाली बसवलं; पण पुढचा तासभर दर नावानंतर पाच-सात माणसं अर्धवट उठत होती आणि शेजारचा त्यांना सदऱ्याला धरून बसवत होता.

आभारपत्रं मिळाली. टाळ्या झाल्या. मग खरी चौकशी सुरू झाली.

"बाई, हाई काय शे?"

"तुमचे आभार मानलेत दादा."

"ते शे. पण हाई लागी कसाले?"

हा कागद कशाला लागेल? प्रश्न रास्त होता. इतका गुळगुळीत, रंगीत, लॅमिनेशन केलेला कागद सरकारी शाळेतून मिळतो तो उगाच कसा असेल? घरकुलाला चालेल का, एकाने विचारलं. दुसऱ्याने उलटसुलट करून पाहिलं, "शिक्का कुठाय?" तिसरा जाणता होता, त्याला जावक क्रमांक हवा होता. मार्गदर्शक गृहस्थ म्हणाले, "तारीख टाकली, पण मुदत कधी संपते ते टाकलं नाही." नाइलाजाने बाईने लॅमिनेशनवर गोल शिक्के मारले. ते पुसले जात होते, म्हणून रांग पुन्हा लागली. दोन दिवसांनी कळलं, की एकाने त्या पत्राची झेरॉक्स कुठल्याशा अर्जाला जोडली आणि तिथल्या बाबूने ती ठेवून घेऊन "मूळ प्रत घेऊन या" असं सांगितलं.

यादीतली काही नावं हजर नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. वाढदिवस, परीक्षा, सत्कार हे त्यांच्यामागे उरकून जातं. स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे बांबू ज्याने जायच्या आधी तोडून, तासून, मोजून ठेवले होते, त्याचा कार्यक्रम चालू असतानाच बारडोलीकडून फोन आला. बाईने स्पीकरवर घेतला. मागे उसाच्या गाडीचा घरघराट. "बाई, माझा कागद लॅमिनेशन झाला ना? ठेवा. पाऊस लागायच्या आत येतो." माइकजवळ फोन धरल्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं आणि त्या दिवशीची सगळ्यांत मोठी टाळी तिथे पडली. तो तिकडून "काय झालं, काय झालं?" विचारत राहिला.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पंचवीस गुणिले बेचाळीस, एक हजार पन्नास, अधिक शाल.

सोमवारी बाईच्या टेबलावर पपया होत्या. शहाद्याकडची पपई मुंबई-दिल्लीला ट्रकने जाते. ही पायी आली होती. तिच्या शेजारी मिरचीची पिशवी, धडगावकडच्या कुणाच्या मामीने पाठवलेला आमचूर, नवापूरला दिलेल्या लेकीकडून आलेली तुरीची डाळ. टेबलाखाली सुतळीने बांधलेली एक कोंबडी. ती हजेरी चालू असताना प्रत्येक नावाला ओ देत होती.

"हे काय?" बाई.

"तुम्ही इतकं दिलं, मग आम्ही काय तसेच राहायचं?"

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच पंडिताने 1925 साली एक मोठा निबंध लिहून दाखवून दिलं, की भेट फुकट नसते. ती घ्यावी लागते आणि घेतली की फेडावी लागते, बरेचदा वाढवून. त्यासाठी त्याने थेट पॉलिनेशियापर्यंतचे दाखले गोळा केले. माझ्या मागच्या सीटवर बसला असता तर त्याचं काम दुपारच्या सुट्टीपर्यंत आटोपलं असतं.

बाई घाबरली. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना 1967 सालचे वर्तणूक नियम आहेत आणि भेटी घेण्याबद्दल त्यांत बंधनं आहेत. बाईने ते पुन्हा वाचून काढले. नियम फार विचारपूर्वक केलेले आहेत, पण ज्याला आपण 25 रुपयांचा कागद दिला त्याने बदल्यात बांधून ठेवलेली कोंबडी कोणत्या प्रकारात मोडते, हे त्यांत उलगडत नाही. भाजीपाला आणि डाळ तिने खिचडीत लावली. त्या आठवड्याची खिचडी मिरचीमुळे इतकी जोरदार झाली, की मुलांनी तांदळापेक्षा पाणीच दरडोई जास्त संपवलं. कोंबडी मात्र परत करायचं ठरलं. परत करायला कोण गेलं, हे सांगायला नको.

मालक ओसरीवर बसले होते. मी कोंबडी पुढे केली आणि नियम, वर्तणूक, गैरसमज असं बरंच काही बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोंबडीकडे पाहिलं, मग आत हाक मारली, "अगं, मी म्हटलं नव्हतं? लहान वाटली त्यांना." आणि मी नको नको म्हणत असताना मागच्या सीटला एक कोंबडा बांधला गेला. शहाद्यापर्यंत लोक मला वळून पाहत होते. कोंबडा लोकांना वळून पाहत होता.

तोडगा आजींनी काढला. शनिवारी गोष्ट सांगून झाल्यावर त्या बाईजवळ टेकल्या. त्यांच्याकडे लाहा असतो, त्या म्हणाल्या. कुणाचं घर शाकारायचं असेल, कुणाचं शेत निंदायचं असेल, तर निरोप जातो आणि पाड्यातली माणसं येतात, काम करतात. ज्याचं काम तो जेवायला घालतो. जेवले की झालं. देणं नाही, घेणं नाही, कागद तर नाहीच.

"तुम्ही कागद दिला," आजी म्हणाल्या, "जेवायला कुठे घातलं?"

बाई काही बोलली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तिने मला पट सांगितला: 42.

मी आकडेमोडीतला माणूस. मी म्हटलं, 42 पालक म्हणजे 42 बायका किंवा नवरे, त्यांची मुलं, त्यांचे आईवडील, आणि मार्गदर्शकांचे पाहुणे. बाई म्हणाली, "तुम्ही नेहमी वाईटच बघता." मी बघितलं त्यापेक्षा जास्त आले.

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. खानदेशात पंगतीला याच्याशिवाय दुसरं काही शोभत नाही आणि पुरतही नाही. पीठ आम्ही घेतलं. त्यानंतर आम्हाला काहीही घ्यायची संधी मिळाली नाही. वांगी कोणाच्या तरी मळ्यातून येऊन पडली. गोवऱ्या बकरीवाल्याने आणल्या. त्याच्याकडे बकऱ्यांबरोबर म्हशीही आहेत, हे तेव्हा कळलं. ट्रॅक्टर मोठी पातेली घेऊन आला. गवंड्याने विटा लावून चूल रचली, पाणसळ लावून. पंगतीला बसवलं जाईल तिथून उठून लोक वाढायला लागत होते. बाई पदर खोचून भाजीपाशी गेली, तर बायकांनी हातातला डाव काढून घेतला, "बाई, तुम्ही बसा, तुमचे हात खडूचे." मागून बारडोलीवाला आला, पाठीवर गाठोडं, बरोबर बायको आणि झोपेतून उठवलेली दोन पोरं, घरी न जाता थेट शाळेत. त्याने गुळाची अर्धी ढेप काढून आजींच्या पुढ्यात ठेवली. आधी लॅमिनेशन पाहिलं, उन्हात धरून शिक्का पाहिला, मग जेवायला बसला.

म्हणजे ज्यांचे आभार मानायचे होते त्यांनीच रांधलं, त्यांनीच वाढलं, आणि आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून खाल्लं. बाईने जेवता जेवताच पर्समधून वही काढली. मी डोकावलो. 'गोवऱ्या', 'पातेली', 'चूल', 'गूळ', असं लिहून पुढे नावं टाकणं चाललं होतं.

"हे कशाला?"

"पुढच्या वर्षीच्या यादीला."

मी बट्टी ताटात खाली ठेवली.

एवढ्यात शाल पांघरलेले अध्यक्ष उभे राहिले. एप्रिलच्या उन्हात ते सकाळपासून शाल सोडत नव्हते. गुरुजींनी त्यांच्या हातात माइक दिला. ते खाकरले आणि म्हणाले, "आता मी गावातर्फे बाईंचे आभार..."

सगळं गाव उठलं. या वेळी कोणीच कोणाच्या सदऱ्याला धरलं नाही. पत्रावळी उचलल्या गेल्या, पोरं काखेत गेली, ट्रॅक्टर सुरू झाला. बाई आजींना पाड्याच्या वाटेपर्यंत सोडायला गेली. अध्यक्षांनी मात्र कागद आणला होता आणि तो ते पूर्ण वाचणार होते. ऐकायला उरलो मी, कारण वरणाचं पातेलं घासायला मी घेतलं होतं.

त्यांनी कोणालाही वगळलं नाही. पीठ दळून देणारा गिरणीवाला झाला, वांगी झाली, गोवऱ्या झाल्या, वड झाला. मी हातातली राख तशीच ठेवून कान टवकारले. कागद संपत आला होता.

"आणि शेवटी," अध्यक्ष माझ्याकडे पाहून हसत म्हणाले, "वर्षभर शाळेचं सगळं सामान वाहिलं, त्या बाईंच्या मोटारसायकलीचे आभार."